पिपोने काय खाल्लं?

१

त्या रविवारी सकाळी दहाला शेजारच्या फर्मिनाने कुंपणापलीकडून हाक मारली आणि म्हणाली, "कोंपाद्रे, लवकर या. पिपोला कोणीतरी विष घातलंय."

मी बत्तीस वर्षं सांता लिब्रादाच्या कोर्टात जबान्या लिहिल्या. कोणाची गाय कोणाच्या मक्यात शिरली, कोणी कोणाची विहीर बुजवली, सगळं माझ्या अक्षरात आहे. न्यायाधीश आले नि गेले, मी तिथेच होतो. त्यामुळे गावात काही बिघडलं की लोक आधी माझ्याकडे येतात, मग पोलिसांकडे जातात. मी वही घेतली आणि गेलो.

पिपो संत्र्याच्या झाडाखाली पडला होता. तांबूस रंग, आखूड पाय, नऊ किलो वजन, वय बारा. मला पाहून एरवी तो माझी विजार ओढतो. आज त्याने नुसती एक भुवई हलवली. सातपासून तीनदा उलटी झाली होती. उठायला गेला की मागचे पाय एकीकडे आणि पुढचे दुसरीकडे. विडाल, म्हणजे फर्मिनाचा मुलगा, म्हणाला की तो अगदी आमच्या मेलेल्या मामासारखा चालतोय. कोणी हसलं नाही.

पिपो खरा निमियाचा. निमिया ही फर्मिनाची मुलगी आणि माझी धर्मलेक. बाप्तिस्म्याला तिला मी हातात धरलं होतं, म्हणून ती मला पाद्रिनो म्हणते आणि तिची आई कोंपाद्रे; मी तिच्या आईला कोमाद्रे. आठ वर्षांपूर्वी ती स्पेनला गेली, तिथे कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईला सांभाळते. दर रविवारी चारला फोनवर चेहरा दाखवते आणि आधी कुत्र्याची चौकशी करते, मग आईची. फर्मिना एकच वाक्य घोकत होती, "चार वाजता मी तिला काय दाखवू?"

मी वहीत तारीख घातली, एक ऑगस्ट. त्या दिवशी आमच्याकडे सगळं गाव अनशापोटी कार्रुलीमचे तीन घोट घेतं. उसाची दारू, लिंबू आणि सतापाचा पाला, रात्रभर मुरवलेला. ऑगस्ट म्हाताऱ्यांना नि आजाऱ्यांना उचलतो, पण घोट घेतलेल्याला सोडतो, असं आम्ही मानतो. मी हसत हसत मानतो, पण घेतो. सकाळी सहाला फर्मिनाच्याच व्हरांड्यात घेतले होते. म्हणून सगळ्या गावाच्या तोंडाला तोच वास होता, पाद्रीबाबांच्याही.

खिशात मोबाइल पुन्हा गुरगुरला. बोलून पाठवलेले निरोप मी ऐकत नाही. ज्याला काही सांगायचंय त्याने लिहावं आणि खाली सही करावी. मी फोन तसाच खिशात ढकलला.

२

डॉक्टर मिर्ताच्या दवाखान्याला कुलूप होतं. दारावर पाटी: सोमवार ते शनिवार, आठ ते बारा. रविवारी कुत्र्यांनी आजारी पडू नये अशी गावाची अपेक्षा असावी. खाली नंबर होता. तो अकराव्या प्रयत्नात लागला, तेव्हा अकरा वाजले होते. डॉक्टरीण बहिणीच्या मळ्यावर, भाचीच्या बारशाला गेलेली. तिथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की मिळते, आणि ती टाकीवर चढूनच बोलत होती.

तिने विचारलं तेवढ्याची मी उत्तरं दिली. हिरड्या फिक्या, पण अगदी पांढऱ्या नाहीत. पोट फुगलेलं नाही. रक्त नाही. मग तिने मला दटावून सांगितलं, "खायला काही देऊ नका. दूध नाही, तेल नाही, माणसांच्या गोळ्या नाहीत. उलटी काढायला मिठाचं पाणी तर मुळीच नाही. पाणी घोटभर, तेही पोटात राहिलं तर. आणि त्याने काय खाल्लं ते शोधा. एवढंच तुमच्या हातात आहे, डॉन एवारिस्तो, पण सगळं त्याच्यावर आहे."

कसं ते तिने सांगितलं. ती लगेच निघणार होती, पण रस्ता मातीचा. दोन वाजता ती तिठ्यावर पोचेल. उंदराच्या विषावरचं औषध तिच्याकडे संपलेलं. विष असेल तर तिठ्यावरून डावीकडे वळून जिल्ह्याला जायचं, ते घ्यायचं आणि संध्याकाळपर्यंत आमच्याकडे यायचं. विष नसेल तर सरळ, तासाभरात दारात. चुकीचा रस्ता धरला तर पिपो गेला. तिठ्यावर रेंज आहे, तिथून ती फोन करणार होती.

माझ्याकडे तीन तास होते. जबान्या मी जन्मभर लिहिल्या, पण माझ्या वहीवर कोणाचा जीव कधी टांगलेला नव्हता. मला भीती वाटली, हे लिहायला लाज नाही.

परत आलो तर फर्मिना पिपोचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला डॉक्टरिणीचं म्हणणं शब्दन्‌शब्द सांगितलं. तिने मान डोलावली. साडेअकराला माझ्या डोळ्यांदेखत पिपो पुन्हा ओकला. पिवळं पाणी, त्यात बारीक हिरवा पाला आणि लिंबाची एक बी. पाला म्हणजे गवत, कुत्रे पोट बिघडलं की खातातच, असं मी वहीत लिहिलं. बीचीही नोंद केली, पण तिच्यावर विचार केला नाही. परसात लिंबाचं झाड होतं.

३

पहिला संशय अर्थातच डॉन कासिआनोवर. फर्मिनाच्या दुसऱ्या कुंपणापलीकडे त्याचं घर. तो झुंजीचे कोंबडे पाळतो, आणि जूनमध्ये पिपोने त्याचा सर्वांत महागडा कोंबडा मानेला धरून इकडे आणला होता. तेव्हापासून दोन घरांत बोलणं बंद. कासिआनो दुकानात सगळ्यांसमोर म्हणाला होता की त्या कुत्र्याला मी मातीत घालीन. शनिवारी त्याने उंदराचं विष विकत घेतलं, हे दुकानदारणीने आपणहून मला सांगितलं.

दुपारची झोप आमच्याकडे पवित्र असते. बारा ते दोन माणूस मेला तरी दोननंतर कळवतात. मी कासिआनोला झोपेतून उठवलं, म्हणून त्याने आधी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि मग खुर्ची दिली.

पिपो रोज पहाटे कुंपणाखालून तुझ्याकडे येतो की नाही, हे मी विचारलं. येतो, म्हणाला. आज आला होता? साडेसहाला आला होता आणि सातला इथेच, खुराड्याजवळ ओकला. तू त्याला काय खायला घातलंस?

"काही नाही," कासिआनो म्हणाला. "माझ्या आईची शपथ, एक कणही खायला घातला नाही."

मी विषाचा खोका मागितला. त्याने फडताळातून काढून दिला. खोका फोडलेला होता आणि आत चारऐवजी दोनच पुड्या होत्या.

४

कासिआनोचा चेहरा पडला. मग त्याने शिडी आणली, माळ्यावर चढला आणि एकेक करून दोन पुड्या खाली दाखवल्या. दोन्ही शाबूत. उंदरांनीही तोंड लावलं नव्हतं.

"आता खूष? मला तो कुत्रा आवडत नाही. कोंबडा गेला माझा. पण म्हणून विष घालीन काय? निमिया याच अंगणात रांगली, डॉन एवारिस्तो."

हे बोलताना त्याची नजर दोनदा माझ्यावरून घसरून टेबलावरच्या फोनकडे गेली. काहीतरी लपवत होता. पण मी विचारलं ते त्याने सांगितलं, आणि सांगितलं ते खरं वाटत होतं. मी परतलो.

विडाल झुल्यात पडला होता. जागा होता. गेल्याच आठवड्यात, पिपोने त्याची नवी चप्पल चावली तेव्हा, ह्याला लांब रानात सोडून येतो असं तो ओरडला होता. मी आठवण करून दिली तर तो उठून बसला आणि त्याचे डोळे भरले. चप्पल गेली खड्ड्यात, म्हणाला. सकाळी आठला तो पिपोजवळ बसला होता खरा. आणि सव्वाआठला उलटी झाली, हेही खरं. पण खायला त्याने काही दिलं नव्हतं. आईने दिलं असेल तर तिला विचारा.

त्याची जबानी लिहितोय तोवर झाडाखालून तो आवाज आला. पावणेएक. पाचवी उलटी. मी धावलो. फर्मिना फडक्याने पिपोचं तोंड पुसत होती आणि पुटपुटत होती, "ऑगस्टने धरलं बाळाला. ऑगस्ट सोडत नाही."

मी तिला आत जाऊन पड म्हणालो आणि स्वतः पिपोजवळ बसलो. तासभर बसलो. उत्तरेचा गरम वारा सुटला होता, शेजारच्या लापाचोच्या झाडाची गुलाबी फुलं आमच्या दोघांवर पडत होती. त्याच्या पोटावर हात ठेवून श्वास मोजण्यापलीकडे मला काही येत नव्हतं. मला इतकं निरुपयोगी कधीच वाटलं नव्हतं. पण त्या तासात तो एकदाही ओकला नाही.

हे लक्षात आल्यावर मी वही उघडली. सात: कासिआनोच्या अंगणात. सव्वाआठ: विडाल शेजारी. पावणेदहा: फर्मिना चर्चहून येऊन त्याच्याजवळ बसली होती. साडेअकरा: त्याआधी मी फोनच्या मागे, फर्मिना जवळ. पावणेएक: मी विडालपाशी, फर्मिना जवळ. मी तासभर एकटा जवळ असताना, एकदाही नाही.

पोटातलं विष कोण शेजारी बसलंय ते बघून बाहेर येत नाही. त्याला कोणीतरी पुन्हा पुन्हा काहीतरी देत होतं. आणि पाचांपैकी तीन वेळांपुढे माझ्याच अक्षरात एक नाव होतं, माझ्या कोमाद्रेचं.

५

ते नाव मी किती वेळ बघत होतो कोण जाणे. जी बाई या कुत्र्याला उशाशी घेऊन झोपते ती त्याला विष देईल? मग देतेय काय? तिला मी तीनदा विचारलं होतं, त्याने काय खाल्लं. तिने तीनदा सांगितलं होतं, रात्री भात नि मटणाचं हाड, सकाळपासून काही नाही. फर्मिना खोटं बोलली की तिची मान लाल होते. मान लाल झाली नव्हती.

बरोबर दोनला फोन वाजला.

"मी तिठ्यावर आहे," डॉक्टर मिर्ता म्हणाली. "डावीकडे की सरळ?"

मी म्हणालो की अजून कळलं नाही. माझा आवाज फुटला. ती जरा मऊपणाने म्हणाली, "डॉन एवारिस्तो, तुमचाच आवाज खोल गेलाय. सकाळपासून पोटात काही आहे का?"

"काही नाही," मी म्हणालो.

आणि तिथेच थांबलो. खोटं बोललो होतो. सहाला मी घोट घेतले होते, तीन. पण ते माझ्या मनात आलंच नाही. ते खाणं नव्हतं नि पिणंही नव्हतं. कपाळावर क्रूस काढून घेतो, तसंच ते. क्रूस काढला हे कोणी खाल्लेल्यात धरतं का? हिरवा पाला. लिंबाची बी. दारुड्या मामासारखी चाल. आणि तो वास, जो माझ्याच तोंडाला असल्यामुळे मला कुत्र्याच्या तोंडाला आला नव्हता.

"फोन धरा," मी म्हणालो आणि आत गेलो.

फर्मिना पलंगाच्या कडेला बसली होती. कार्रुलीमची बाटली सकाळी मी पाहिली तेव्हा गळ्यापर्यंत होती. आता ती देव्हाऱ्यापुढे, अर्ध्याखाली. आणि तिच्या शेजारी चमचा होता.

"कोमाद्रे, त्याने काय खाल्लं ते विचारत नाही. त्याला तुम्ही घोट दिलेत का?"

"दिले की," ती सहज म्हणाली. "ते काय खाणं आहे? तीन चमचे दिले. बिचाऱ्याने ओकून टाकले, मग ऑगस्टपासून उघडा पडला नाही का तो? म्हणून परत दिले. ते ओकला, परत दिले." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "कोंपाद्रे, का हो?"

६

विडाल दारात उभा होता. त्यानेही दिले होते, आठला. नंतर मी कुंपणावरून कासिआनोला हाक मारली. तो आला, तोंड वळवून उभा राहिला आणि म्हणाला, बाटलीच्या बुचाने, तीन बुचं. गुन्हेगारासारखा नव्हे, लाजल्यासारखा. लोकांना कळलं तर काय म्हणतील, कोंबडा मारणाऱ्याला आपल्या हाताने पाजतो.

"पण तुला सुचलं कसं?" मी विचारलं.

त्याने फोन पुढे केला आणि बोट दाबलं. निमियाचा आवाज आला. काका, पिपो बारा वर्षांचा झाला, यंदाचा ऑगस्ट त्याला जड जाईल, तुम्ही लवकर उठता, त्याला तीन घोट द्या. आईला सांगू नका, ती भांडणाचं काढील. तुमच्यावरच भरवसा.

विडालने आपला फोन काढला. आई विसरते, विडालितो, तूच दे. फर्मिनाने आपला काढला. विडालच्या लक्षात राहणार नाही, आई, तू दे, पाद्रिनोला बोलू नकोस, ते हसतील.

तिघंही माझ्याकडे बघत होते. मी सावकाश खिशात हात घातला. पहाटेपासूनचे दोन निरोप, न ऐकलेले. दाबलं. पाद्रिनो, आशीर्वाद द्या. तुम्ही या गोष्टींना हसता ठाऊक आहे, पण माझ्यासाठी एवढं करा. पिपोला तीन घोट. घरातल्यांवर माझा विश्वास नाही. दुसऱ्यात नुसतं, दिलेत ना?

पुरावा सकाळपासून माझ्या खिशात होता. दहाला ऐकला असता तर फर्मिनाच्या हातून नंतरचे सहा चमचे टळले असते. आणि पहाटे ऐकला असता, तर मला माहीत आहे मी काय केलं असतं. हसलो असतो आणि पाजले असते. वहीत चौथं नाव माझं आलं असतं.

"सरळ या," मी फोनमध्ये म्हणालो. "विष नाही. दारू, सताप आणि लिंबू, पाचदा." पलीकडून डॉक्टरिणीने एक शिवी दिली, ती कोणाला उद्देशून होती ते मी विचारलं नाही. मग भराभर सांगितलं. ऊब द्या. कुशीवर ठेवा. तोंडात आता पाणीसुद्धा ओतायचं नाही. शुद्धीत असेल तर हिरडीला बोटभर मध लावा. हाक मारत राहा आणि ओ देतो का बघा.

तो तास कसा गेला ते मी लिहिणार नाही. चौघं जण एका कुत्र्याभोवती बसलो होतो, आणि करण्यासारखं काही नव्हतं. फर्मिना एकदाच बोलली. "मी वाचवत होते," म्हणाली.

डॉक्टर तीनला आली, बारशाच्या कपड्यांत, गुडघ्यापर्यंत लाल माती. सुई लावली, सलाईन चालू केलं, उद्या सकाळपर्यंत काही सांगत नाही म्हणाली. पिपो वाचला, हे मी आत्ताच सांगून टाकतो. पण आम्हाला ते तेव्हा ठाऊक नव्हतं, आणि चार वाजले.

फोन वाजला. फर्मिनाने कोणालाही न विचारता जागा ठरवली. पिपो घोंगडीत, फक्त डोकं बाहेर. सलाईनची बाटली चौकटीच्या बाहेर धरायची, हात उंच करून. ती कासिआनोने धरली. दोन महिन्यांत या अंगणात त्याने पाऊल टाकलं नव्हतं.

निमियाचा चेहरा आला, दमलेला, मागे कुणाची तरी औषधं मांडलेली. "पिपो, ए पिपो," ती म्हणाली. घोंगडीखाली शेपूट एकदा आपटली. कासिआनोने वाकून बघितलं तशी बाटली हलली, विडालने त्याचं कोपर धरलं.

"झोपलाय का गं? आई, दिलेस ना त्याला घोट?"

फर्मिनाने माझ्याकडे पाहिलं. तिची मान पांढरी होती.

"दिले," ती म्हणाली. "सगळ्यांनी दिले, बाळा."

निमिया रडायलाच लागली, आनंदाने. इतक्या लांबून आपल्या हातात काहीच नसतं, म्हणाली. निदान एवढं तरी झालं. आता ऑगस्टची भीती नाही. मग डोळे पुसून तिने मला शोधलं. "पाद्रिनो, तुम्ही माझा निरोप ऐकलात ना?"

"ऐकला," मी म्हणालो.

कधी ऐकला ते तिने विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.